काठवट सापडली आणि आजी आठवली (तुमच्या आजीबद्दल, आईबद्दल लिहा)

पदर_खोचून
काल माळा आवरताना आजीची काठवट, भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात, हाती लागली. बाभळीची, मधोमध झिजून बशीसारखी खोल झालेली, कडेला एक भेग. वास घेतला तर अजून पिठाचा येतो, की मला तसं वाटलं कोण जाणे.

माहेर यवतचं. तुकोबांची पालखी पुण्याचे दोन मुक्काम करून लोणी काळभोरला येते आणि मग आमच्याकडे. यवतला पिठलं-भाकरी असते हे वारीत चालणाऱ्याला सांगावं लागत नाही. पिठलं देवळात मोठाल्या कढयांत शिजतं, भाकऱ्या घराघरांतून जातात. आजी आदल्या दिवशीच ज्वारी दळून आणायची. त्याआधी दळली तर पिठाची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. पहाटे तीनला चूल. हातावर पाणी, थाप, तवा, थाप, तवा. तोंडाने अभंग चालूच.

टाळ ऐकू आले की आम्ही पोरं पळायचो. आजी चुलीपुढेच. इतक्या वर्षांत तिने गावात शिरणारी पालखी धड पाहिलीच नाही! पंढरपूरही एकदाच, तेही कार्तिकीला. मी विचारलं होतं, वाईट नाही वाटत? म्हणाली, "आगं, जेवून जात्यात नव्हं ती मान्सं तिकडं? पोचतंय की माझं."

२०२० ला वारी झाली नाही, पादुका एसटीने परस्पर पंढरपूरला गेल्या. त्या वर्षी तिने पाचच भाकऱ्या केल्या आणि दुपारपर्यंत दारात बसून राहिली. पुढच्या थंडीत गेली.

तुमच्याही लिहा.

दुपारचा_चहा
ऑफिसात रडवलंत ताई. नंतर लिहिते.

कुकरची_शिट्टी
आजी नाही, आई. आमच्याकडे घड्याळ होतं पण आईचा स्वयंपाक हरिपाठावर चालायचा. भात टाकला की पहिला अभंग, पंधराव्याला झाकण काढायचं, विसाव्याला उतरवायचा. बाबा घाईत असले की ओरडायचे, "अगं जरा भरभर म्हण, भूक लागलीय!" सत्तावीस संपेस्तोवर कुणाला ताट नाही. मी अजून भात शिजताना मनात मोजते आणि मला हरिपाठ पाठ नाही, ही गंमत.

रानातला_बंडू
सत्तावीस की अठ्ठावीस? आमच्यात अठ्ठावीस म्हणतात.

कुकरची_शिट्टी
शेवटचा फलश्रुतीचा. तो आई हात धुताना म्हणायची 😀

सुतारपक्षी
@पदर_खोचून काठवटीची भेग आरपार आहे का? नसेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगून भेग मिटते. मग सावलीत वाळवा, उन्हात अजिबात नको. वरून खोबरेल चोळा. आणि कृपा करून त्यात कुंडी लावू नका, हल्ली लोक लावतात.

पदर_खोचून
आरपार नाही. आजच भिजत घालते. कुंडीचं नणंदेने सुचवलं होतं 🙈

नगरची_मी
आम्ही ख्रिस्ती, लिहू का म्हणत होते. आजी मिशनची बायबल बाई. पांढरं नऊवारी, काखेत पिशवी, रोज एक गाव पायी. वचन सांगायला जायची आणि बाळंतिणीला शेक देऊन, कुणाच्या पोराचं गळू धुऊन परत यायची. धर्मांतर किती केली विचाराल तर मला वाटतं एकही नाही, गळवं मात्र पुष्कळ! संध्याकाळी टाळांवर ना. वा. टिळकांची भजनं. टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून आजी तुकोबांना "आपलेच" म्हणायची. पालखीचा धागा म्हणून आठवलं.

एकादशी_दुप्पट
आमची आजी इतकी प्रेमळ नव्हती हां. एकादशीला घरात कांदा दिसला तर चप्पल यायची. पण साथीच्या वेळी शेजारच्या घरात कुणी पाऊल ठेवत नव्हतं तेव्हा हीच पेज घेऊन जायची. येताना शिव्या देत. "मेल्यांनो, खा."

चाळ_क्रमांक_नाही
माझी पणजी माळकरी. पायी पंढरपूरला जायची आणि महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी थांबायची. त्यापुढे तिला जाऊ देत नव्हते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, दार उघडलं. तोवर पणजी अंथरुणाला खिळलेली.
आजीने १९५६ नंतर देव्हारा नदीत सोडला. माळही. हात मात्र पणजीचेच. ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्यांसाठी रात्रभर चपात्या लाटायची, चाळीतल्या सगळ्या बाया मिळून. उतरून आलेल्या माणसाचे पाय आधी बघायची, मग तोंड. फोड असेल तर तेल-हळद.
ताई, राग मानू नका, एक विचारतो. तुमच्या आजीच्या दारात पंगत एकच असायची?

पदर_खोचून
राग कसला. मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. आईला फोन करते.

दुपारचा_चहा
आले परत. माझी आजी शिवणकाम करायची, देवळातल्या झेंड्यांचं कापड... थांबा, डबा भरायचाय, उद्या.

रानातला_बंडू
यवतला पिठल्यात लसूण असतो का? मी चाललोय यंदा.

पदर_खोचून
@रानातला_बंडू भरपूर मिरची, एवढं नक्की.
@चाळ_क्रमांक_नाही आईशी बोलले. दोन होत्या. ओट्यावर एक आणि गोठ्याकडे एक. आजीची सासू होती तोवर. ती गेल्यावर पहिल्याच वारीला आजीने गोठ्याकडची पत्रावळ उचलून ओट्यावर मांडली, काही न बोलता. दोन घरं त्या वर्षी आमच्याकडे पाणी प्यायली नाहीत म्हणे. आजीने मला हे कधीच सांगितलं नाही. त्याआधीची सगळी वर्षं तीही गोठ्याकडे वाढत होतीच, हेही आईने सांगितलं.

चाळ_क्रमांक_नाही
विचारलंत, बरं वाटलं. माझ्या आजीला वाचून दाखवलं असतं.

सुतारपक्षी
काठवटीचं काय झालं?

पदर_खोचून
भेग मिटली! आज थापून बघितली. पहिली भाकरी तव्यावर टाकायच्या आतच तुटली, दुसरीही. पीठ पाकिटातलं, केव्हा दळलेलं देव जाणे. उद्या गिरणीत जाते.