मदत हवी आहे: फक्त आयपीव्ही६ असलेल्या नेटवर्कवर विंडोज एक्सपी

छापखान्याचं नेटवर्क जुन्या आयपीव्ही४ऐवजी फक्त आयपीव्ही६वर (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) न्यायचंय, म्हणजे फायरवॉलचे नियम दोन्हींसाठी वेगवेगळे न लिहिता एकदाच लिहावे लागतील. फक्त आयपीव्ही४वर असलेल्या जुन्या साइटसाठी राउटरवर नॅट६४ आणि डीएनएस६४ (आयपीव्ही६ मशिनांना आयपीव्ही४ साइटपर्यंत पोचवणारी जोडी) सुरू आहे. विंडोज १०ची मशिनं व्यवस्थित चालतात.

अडलंय प्लेट काढणाऱ्या मशिनच्या एक्सपीपाशी. तिचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, त्यामुळे ‘विंडोज बदला’ हा पर्याय नाही. बाहेरचं इंटरनेटही तिला नको, फक्त आतल्या वेब सर्व्हरवरून फाइल्स उतरवायच्या आहेत.

‘नेटश’ या विंडोजच्या कमांडने एक्सपीवर आयपीव्ही६ बसवलं. पत्ता मिळाला, राउटरला पिंग जातो. पण नावाने काही उघडत नाही, कारण एक्सपी डीएनएसची चौकशी (नावावरून पत्ता विचारणं) आयपीव्ही४वरूनच करतो. आयपीव्ही६चं मानक १९९८चं, एक्सपी २००१चा. एवढी सोय तेव्हाच व्हायला हवी होती. मशिनवरच्या होस्ट्स फाइलमध्ये नावं आणि पत्ते लिहिले की चालतं, पण प्रोव्हायडरने प्रिफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलला की पत्ते चुकतात.

आता त्याच मशिनवर छोटा डीएनएस फॉरवर्डर (चौकशी घेऊन पुढे पाठवणारा प्रोग्रॅम) बसवून पुढची चौकशी आयपीव्ही६वरून पाठवायचा विचार आहे. नेटवर्क कार्डाला आयपीव्ही४ पत्ताच नसेल, तर एक्सपी १२७.०.०.१कडे, म्हणजे स्वतःकडेच, चौकशी पाठवतो का? कुणी करून पाहिलं असेल, तर कोणता फॉरवर्डर वापरलात?