पप्पा म्हणतात सरकार देतं ते दान नव्हेच. बायबल नक्की काय म्हणतं?

सातरस्ता_पोरगा:
सलाम सगळ्यांना. पहिलीच पोस्ट आहे, लांबली तर सांभाळून घ्या. परवा रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीत चहाच्या टेबलावर चांगलीच जुंपली. विषय कापणीच्या सणाच्या पैशाचा. आमच्याकडे सण म्हणजे लिलाव, एकच भोपळा तीनतीनदा विकला जातो, घेणारा परत टेबलावर ठेवतो की पुन्हा बोली सुरू. यंदा एक भोपळा साडेसातशेला गेला, बाजारात तो चाळीसलाही कुणी घेतला नसता. त्या पैशातून विधवा बायांना किराणा किट द्यायचं असं पाळक साहेब बोलले. तर कमिटीतले एक काका म्हणाले आता कशाला, रेशन फुकट आहे, निराधारचे दीड हजार येतात, सरकार बघतंय की. झालं, आमचे पप्पा उसळले. सरकार वाटतं ते दान नव्हेच, माझ्या खिशातून टॅक्स कापून तिसऱ्याला दिला तर त्यात माझी प्रीती कुठं आली, प्रेषित पौलाने साफ लिहिलंय ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून नाही (२ करिंथ ९:७). येशूने कैसराला, म्हणजे रोमच्या बादशहाला, सांगितलं का गरिबांना जेवू घाल म्हणून? आपल्याला सांगितलं.

मला दोघांचंही पटेना. काका सरकारवर ढकलून मोकळे, पप्पा सरकारला शिव्या घालून मोकळे. पण पप्पांपुढं उत्तर सुचलं नाही हे खरं. आमच्या शेजारच्या मावशी आयुष्यभर विड्या वळालेत, बोटांच्या रेषा झिजून गेल्यात, रेशनच्या मशीनवर अंगठाच उठत नाही. दोन महिने धान्य नाही. म्हणजे सरकार बघतंय म्हणायचं तर असं बघतंय. जाणकारांनी सांगा, वचनासकट.

शेंगाचटणी:
पप्पा बरोबर आहेत बे. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये २ आणि ४ मध्ये विश्वासणारे जमिनी विकून प्रेषितांच्या पायाशी पैसे ठेवत होते, ते वाचून लोक लगेच साम्यवाद म्हणतात. पण पुढचाच अध्याय वाचा, हनन्या जमीन विकून थोडे पैसे लपवतो तेव्हा प्रेषित पेत्र त्याला म्हणतो जमीन तुझीच होती ना, विकल्यावर पैसापण तुझ्याच हातात होता ना. त्याचा गुन्हा खोटं बोलण्याचा, कमी देण्याचा नव्हे. जबरदस्ती कुठंच नाही. आणि लांब कशाला जाता, आपल्याच पुणे लाईनवर पंडिता रमाबाईंचं केडगाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात सरकारची दुष्काळी कामं, छावण्या सगळं होतंच की, तरी पंडिता रमाबाईंना मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी उचलून आणाव्या लागल्या. सरकारने फाईल केली, बाईने पोरी घरी आणल्या. हा फरक.

ज्वारीचा_हुरडा:
शेंगाचटणी, रमाबाईंबद्दल दुमत नाही. पण तुम्ही आणि पप्पा दोघांनी बायबल मधूनच उघडलंय, जुना करार कपाटात राहिला.

आमची आजी मंगळवेढ्याकडची. ज्वारीची काढणी झाली की सरवा वेचायला जायची, शेतात पडून राहिलेली कणसं ओटीत गोळा करत. मालक चांगला असला तर काही बोलायचा नाही, नसला तर वेचून होईपर्यंत उभा राहून बघायचा आणि वर ऐकवायचा, आमच्या मेहेरबानीने खाताय म्हणून. आता जुन्या करारातलं लेवीय १९ उघडा. शेताच्या कडेपर्यंत कापू नको, सरवा वेचू नको, तो गरिबाचा आणि परक्याचा. अनुवाद म्हणजे जुन्या करारातलंच दुसरं पुस्तक, त्याच्या २४ मध्ये शेतात विसरलेली पेंढीसुद्धा आणायला परत जायचं नाही. इथं मालकाला विचारलंच नाही तुझं मन होतंय का म्हणून. ते धान्य त्याचं धरलेलंच नाही. रूथ, परकी विधवा, बवाज नावाच्या मालकाच्या शेतात गेली ती भीक मागायला नव्हे, तो तिचा हक्क होता, बवाजाने त्याच्या वर जादा पेंढ्यातून कणसं टाकायला लावली ती त्याची प्रीती. दोन्ही एकाच शेतात. मला तर ह्या गोष्टीतच अख्खं उत्तर दिसतं.

अजून पुढं, अनुवाद १४, दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ, विधवा ह्यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून. आपल्याकडे दशांश म्हटला की सगळ्यांना बांधकाम फंड आठवतो, हा तिसऱ्या वर्षाचा हिशेब उपदेशात कधी ऐकलाय का कुणी? अनुवाद १५, सातव्या वर्षी कर्ज सोडायचं, वर ताकीद आहे की सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला उसनं द्यायला हात आखडू नको. आणि स्तोत्र ७२ तर राजासाठीची प्रार्थना आहे, राजाने दीनांचा न्याय करावा, गरिबाला सोडवावं. राजाने, मंडळीने नव्हे.

२ करिंथ ९ चं म्हणाल तर पौल तिथं यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी वर्गणी गोळा करत होता. वर्गणी खुशीनेच द्यायची, बरोबर. पण त्याच पौलाने रोम १३ मध्ये कर द्या म्हणून लिहिलंय आणि तिथं खुशी विचारलेली नाही.

शेंगाचटणी:
चांगलं लिहिलंत पण एक गोची आहे. सरवा न ठेवणाऱ्याला राजाचा शिपाई धरून नेत होता असं कुठं लिहिलंय? शिक्षाच दिलेली नाही. देव आणि शेतकरी ह्यांच्यातला मामला. इस्राएल म्हणजे महाराष्ट्र शासन नव्हे. सरकारी गोदामाचं उदाहरण पाहिजे तर योसेफ घ्या, उत्पत्ती ४१, सुकाळात पंचमांश गोळा, दुष्काळात वाटप. सगळे इथं थांबतात. ४७ वाचा. फुकट नव्हतंच, विकत होतं. आधी लोकांचा पैसा संपला, मग गुरं दिली, मग जमिनी, शेवटी स्वतःच फारोचे, म्हणजे मिसरच्या राजाचे, दास झाले. सरकारने पोसलं आणि सरकारचे झाले. मला मत देताना हेच आठवतं.

ज्वारीचा_हुरडा:
४७ चा मुद्दा मान्य, बिनतोड आहे. बाकी शिक्षेचं म्हणाल तर यशया, आमोस हे संदेष्टे उघडा, विधवा-अनाथाचा हक्क मारला म्हणून देव राज्यकर्त्यांनाच फैलावर घेतो, नुसत्या शेतकऱ्याला नव्हे.

बाळीवेस_१२:
मी ख्रिश्चन नाही, लिंगायत आहे, मधेच तोंड घातलं तर चालेल ना. आमच्यात कायक आणि दासोह म्हणतात. आधी कष्ट, मग त्यातलं समाजाला, आणि दासोह करताना मी देतोय हा भाव नको म्हणतात. तुमच्या उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये तसलंच वाटलं. मंदिरात पण हीच भांडणं आहेत, फ्लेक्सवर देणगीदाराचा फोटो ताटापेक्षा मोठा.

निवृत्त_मास्तर:
मी कॅथलिक. आमच्याकडे ह्यावर पोपचं पत्रच आहे, १८९१ चं, तेरावे लिओ. गंमत अशी की दोन्ही बाजूंना त्यात माल सापडतो. श्रीमंत स्वतःला सांभाळून घेतात, गरिबाला सरकारशिवाय आडोसा नाही, म्हणून सरकारने त्याची जास्त काळजी घ्यावी असं आहे. आणि त्याच पत्रात, आपल्या गरजा भागून उरलेलं गरिबाला देणं हे प्रीतीचं कर्तव्य, टोकाची अडचण सोडली तर न्यायाचं नव्हे, माणसाच्या कायद्याने ते सक्तीचं होत नाही, असंही आहे. म्हणजे पप्पांना सांगा, पोप अर्धे त्यांच्या बाजूने आहेत (प्रॉटेस्टंट असतील तर फरक पडणार नाही म्हणा). पुढं १९३१ मध्ये अकरावे पायस ह्यांनी आणखी बारीक केलं, जे खालच्या पातळीवर, घरात-गावात होतं ते वरच्याने हिसकावू नये, त्यांना झेपत नाही तिथं मदत करावी.

आणि चर्च वेगळं सरकार वेगळं हे तरी कायम कुठं होतं. इंग्लंडात १६०१ च्या कायद्याने गरिबांसाठीचा कर पॅरिशनेच, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीनेच, गोळा करायचा, सक्तीने, आणि चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभारी, त्यात पदसिद्ध. तो दान होता की टॅक्स, सांगा आता.

विडीवाली_पोर:
सगळं वाचलं. माझी आई विडी कामगार. माझ्या डोळ्यासमोरचं सांगते. नाताळला एका मंडळीने किट दिलं, पाच किलो तांदूळ, तेल, साखर. चांगली माणसं, नाव नाही घेत. पण स्टेजवर बोलावलं, किट अर्धं आईच्या हातात अर्धं पाहुण्यांच्या हातात धरून फोटो, फोटो नीट आला नाही म्हणून परत. आई घरी येऊन पदर नीट होता का एवढंच विचारत होती. रेशनच्या लाईनीत दोन तास जातात, दुकानदार खेकसतो, पण आई त्याच्याशी भांडते. कार्ड दाखवून भांडते, पाच किलो माणशी माझं आहे म्हणते. किटवाल्यांशी ती कधी भांडणार नाही. कोणतं बायबलप्रमाणे ते मला माहीत नाही.

आणि आज्जी सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली. तो दुष्काळ पडला म्हणून रोजगार हमी वाढली आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. एवढ्या लोकांना लिलावातल्या भोपळ्यांवर कुणी जगवलं नसतं, राग मानू नका.

सातरस्ता_पोरगा, अंगठा उठत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा चालतो, आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपी विचारा, काही दुकानांत डोळ्याचं मशीन पण आलंय. दुकानदार नाही म्हणाला की लेखी द्या म्हणा, लगेच हो म्हणतो.

सातरस्ता_पोरगा:
सगळ्यांचे आभार. रात्री जेवताना पप्पांना लेवीय १९ वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ते शेतकऱ्याला होतं, मी मिलमधून रिटायर झालेला माणूस. मी म्हणालो मिल बंद पडल्यावर तुमचे थकलेले पैसे कोर्टात गेल्यावरच मिळाले ना, मालकाने मनात ठरवून दिले होते का. त्यावर आई हसली, पप्पा भाकरी घेऊन उठलेच. पण सकाळी स्वतःच विचारलं, मावशींच्या आधारला नंबर कुणाचा आहे. बघितलं तर मयत मिस्टरांचा. शनिवारी पप्पा आणि मी त्यांना घेऊन नंबर बदलायला चाललोय. किटचं अजून ठरलं नाही, फोटो नको एवढं मात्र मी पाळक साहेबांना सांगून आलो. आधारला नंबर बदलायला काय काय लागतं, नुसता अंगठा मागतात का? तिथंपण नाही उठला तर काय करायचं?