अनुभव धागा : डोंगरात, पाण्यात, रानात तुमचा कस कधी लागला?

मीनल_रानवाट
लेक उद्या पहिल्यांदा निवासी शिबिराला चाललीय. वय १२. तिच्यासाठी माळ्यावरून माझी जुनी सॅक काढली, तर तळच्या कप्प्यात स्लिंगचा, म्हणजे गिर्यारोहणातल्या मजबूत पट्टीचा, एक तुकडा निघाला. जांभळा, कडेने झिजून मऊ झालेला. तो हातात घेतला आणि थेट चौदाव्या वर्षात जाऊन पोचले.

रॅपलिंग होतं, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरायचा. हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) चढवला, कड्याच्या टोकाशी पाठमोरी उभी राहिले आणि पायच उचलेना. रडू फुटलं. मागे अख्खी रांग. आमचे सर ओरडले नाहीत, आणि "काही होत नाही गं" असंही म्हणाले नाहीत. रांगेला मागे बसवलं, माझ्या शेजारी मांडी घातली आणि म्हणाले, "भीती वाटतेय ना? वाटणारच. आधी गाठ तपास, तुझी तू." मी आठाची गाठ बोटांनी चाचपली, एकेक पदर मोजला, कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू फिरवून पाहिला. "आता नुसती मागे रेल. उतरायचं की नाही ते नंतर बघू."

अर्ध्या तासाने उतरले. पुढे बाबा अतिदक्षता विभागात होते तेव्हा रात्री जिन्यात बसले होते आणि मनात तेच आलं : आधी गाठ तपास. उठले, औषधांची यादी पुन्हा वाचली, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढले.

तुमचेही लिहा. वाईट अनुभव असेल तर तोही.

शुभा
अंगावर काटा आला. बाळ उठलं, नंतर लिहिते.

ओलीवाट
आम्ही पाच जण, सगळे सतराचे. पावसात वाट चुकली. दोघं म्हणत होते उतरत राहू, कुठेतरी निघूच. सगळ्यात गप्प असणारा मित्र खाली बसला आणि म्हणाला, शेवटची ओळखीची खूण कुठली होती ते सांगा, तिथवर परत जायचं. दीड तास उलटे चढलो. शिव्या घालत. खूण सापडली, वाटही सापडली. नोकरीत एक मोठं काम माझ्याच चुकीने फसलं तेव्हा मी नेमकं हेच केलं, शेवटचा बरोबर टप्पा शोधला आणि तिथून पुन्हा सुरू.

जाता जाता, मुलांना सुती बनियनवर पावसात पाठवू नका. सुती कपडा भिजला की अंगाची ऊब ओढून घेतो. वर वारा असेल तर पोर बघता बघता गारठतं आणि चिडचिड करायला लागतं, आपल्याला वाटतं हट्ट करतंय.

कृष्णकमळ
माझा वाईट आहे. दहा वर्षांची होते, एका शिबिरात "पडलीस की आपोआप शिकशील" म्हणून पाण्यात ढकललं. नाकातोंडात पाणी. सगळे हसत होते. त्यानंतर २१ वर्षं गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नाही. एकतिसाव्या वर्षी हिय्या करून पोहायला शिकले. बाईंनी पहिले दोन आठवडे काठाला धरून नुसते बुडबुडे काढायला लावले. पाय कधी टेकायचे ते मी ठरवायचं. "खडतर अनुभवाने मुलं घट्ट होतात" असं कोणी म्हटलं की मी विचारते, थांबायचा हक्क कोणाच्या हातात होता?

मीनल_रानवाट
कृष्णकमळ, वाचून फार वाईट वाटलं. हे लिहिलंत ते खूप बरं केलंत. शेवटचा प्रश्न शिबिराच्या ताईंना आजच विचारते.

गलबत
कृष्णकमळ यांचा मुद्दा लाखमोलाचा. अशा साहसी शिबिरांमागे ज्यांचा मोठा हात आहे, त्यातला एक कुर्ट हान हा जर्मन शिक्षक. हिटलरला विरोध केला म्हणून १९३३ मध्ये तुरुंगात गेला, मग ब्रिटनला आला. १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे त्याने जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीने 'आउटवर्ड बाउंड' ही साहसातून शिकवणारी शाळा सुरू केली. नाव बंदर सोडून निघालेल्या जहाजावरून. होल्टना खुपत होतं ते असं : जहाज बुडाल्यावर होडीत तरुण खलाशी लवकर हाय खायचे आणि त्यांच्याहून वयाने मोठे खलाशी तगून राहायचे. शरीराने तरुण सरस, कमी पडायचा तो 'मी यातून निघेन' हा भरवसा. म्हणून २६ दिवसांचा अभ्यासक्रम आखला : समुद्र, डोंगर, बचावकार्य.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानेही १९७७ मध्ये मांडलं की हा भरवसा सगळ्यात जास्त येतो तो स्वतः पार पाडलेल्या कामातून. शाबासकी त्याच्या खूप मागे. पण पार पडायला हवं ना! ढकलून दिलेल्या मुलाच्या हाती काय पार पडतं?

दादाचा_तंबू
माझा मुलगा १३ चा, पालक-मुलं मुक्कामाला गेलो होतो. रात्री वारा सुटला, आमच्या तंबूच्या दोन खुंट्या उपटल्या. मी धावलो तर प्रमुखांनी दंडाला धरून थांबवलं. "तो बघतोय ना, बघू दे." खरं सांगतो, राग आला होता. तो विजेरी दातात धरून दगड शोधत होता, खुंटीवर रचत होता. एकदा पडला, पुन्हा रचला. पाऊण तास. सकाळी मला दाखवत होता कुठला दगड बसला आणि कुठला नाही. घरी मी त्याच्या बुटाची नाडीसुद्धा बांधायचो हो.

शुभा
आले. माझं आता राहू दे, दादाचा_तंबू यांचं वाचून डोळे भरले. मीनलताई, लेकीचे बूट नवे आहेत का? नवे असतील तर नका देऊ, टाचा सोलवटून निघतील.

ओलीवाट
+१. आणि पायाची नखं कापा. उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला आदळून नख काळं पडतं. माझं दोनदा गेलंय.

कृष्णकमळ
नख परत यायला किती दिवस लागले? माझं मागच्या महिन्यात गेलं.

ओलीवाट
अंगठ्याचं पूर्ण यायला वर्षभर तरी धरा. तोवर पुढे मोकळी जागा असलेले बूट घाला.

मीनल_रानवाट
बूट जुनेच आहेत, शुभा. सॅक ती स्वतः भरतेय. स्वेटर सगळ्यात तळाशी कोंबलाय, मला इथून दिसतोय. काही बोललेले नाही. नेलकटर तेवढं हातात दिलं.