अकरावीच्या अमेरिकन इतिहासासाठी उन्हाळा खर्ची घालावा का?

रारीटनकाठ

आमची मुलगी सप्टेंबरमध्ये अकरावीत जाईल. तिने ‘एपी यूएस हिस्टरी’, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एपुश’, हा विषय घेतला आहे. ‘एपी’ म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’, शाळेतच शिकवले जाणारे महाविद्यालयीन पातळीचे विषय; त्यांच्या परीक्षेत चांगले गुण मिळाले तर बरीच महाविद्यालये पुढे क्रेडिट देतात. शाळेने सुट्टीत १४९१ ते १७५४ या काळावरची प्रकरणे वाचून प्रश्नांची उत्तरे लिहून आणायला सांगितले आहे आणि पहिल्याच आठवड्यात त्यावर चाचणी आहे. तेवढ्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांनी मुलांना उन्हाळी शिकवणीला घातले असून तिथे अभ्यासक्रमाचे नऊच्या नऊ कालखंड सप्टेंबरपूर्वी उरकून दिले जातात. आम्ही तसे केले नाही म्हणून आम्हाला निष्काळजी ठरवले जात आहे.

माझे मत स्पष्ट आहे. अशी शिकवणी म्हणजे सुट्टीची आणि पैशाची नासाडी आहे. मे महिन्यातल्या परीक्षेत पंचावन्न बहुपर्यायी प्रश्नांना ४० टक्के, तीन लघुत्तरी प्रश्नांना २० टक्के, कागदपत्रांवर आधारित निबंधाला, म्हणजे डीबीक्यूला, २५ टक्के आणि दीर्घ निबंधाला १५ टक्के भार असतो. बहुपर्यायी प्रश्नसुद्धा एखादा उतारा, नकाशा किंवा व्यंगचित्र पुढे ठेवून विचारले जातात. सनावळ्या पाठ असणाऱ्या मुलाला तो उतारा कोणी, कोणासाठी आणि कशासाठी लिहिला हे उमगत नसेल, तर त्या सनावळ्यांचा उपयोग काय? म्हणून शाळेने दिलेले काम करावे आणि त्याखेरीज दर आठवड्याला एक मूळ दस्तऐवज सावकाश वाचावा, एवढेच मी मुलीसाठी ठरवले आहे. पहिला दस्तऐवज न्यू यॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स येथे १८४८ मध्ये स्त्रियांनी काढलेला जाहीरनामा असेल. तो १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या शेजारी ठेवून वाचला, की राजाविरुद्धच्या तक्रारींची जागा पुरुषांविरुद्धच्या तक्रारींनी कशी ओळीओळीने घेतली आहे, हे कोणी न शिकवताही दिसते.

ह्यूस्टनकर

आपले म्हणणे ज्यांची पाटी कोरी नाही अशा मुलांपुरते खरे आहे. माझा मुलगा आठवी नाशिकला करून इथे नववीत आला. त्याच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी टेक्ससच्या अभ्यासक्रमानुसार आठवीतच वसाहतींपासून १८७७ पर्यंतचा अमेरिकन इतिहास वर्षभर शिकलेला आहे. एपुशचा निम्म्याहून अधिक भाग त्यांच्यासाठी उजळणी असेल आणि माझ्या मुलासाठी तो सगळाच नवा असेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

अडचण केवळ माहितीची नाही. आपल्याकडे नागरिकशास्त्रात शिकलेले काही समज इथे आड येतात. भारतात शेषाधिकार केंद्राकडे आहेत, तर इथे १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीने, संघराज्याला न दिलेले आणि राज्यांना न नाकारलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. हे ठाऊक नसलेल्या मुलाने, साउथ कॅरोलायनाने १८३२ मध्ये संघराज्याचा आयातकर आपल्या हद्दीत रद्दबातल असल्याचे जाहीर केले, हे वाचले तर त्याला ती निव्वळ बंडखोरी वाटते. तिच्यामागे घटनेच्या अर्थाविषयीचा खराखुरा वाद होता, हे त्याच्या लक्षातही येत नाही. माझ्या मुलाचे नेमके असेच झाले. ‘केंद्राने राष्ट्रपती राजवट का लावली नाही?’ असे त्याने मला विचारले.

शिवाय परीक्षा देशभर मेच्या सुरुवातीलाच होते. आमच्या शाळा ऑगस्टच्या मध्यावर उघडतात आणि न्यू जर्सीतल्या पुष्कळशा लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार), म्हणजे आपल्या मुलीला आमच्यापेक्षा जवळपास तीन आठवडे कमी मिळणार. उन्हाळ्याची गरज खरे तर आपल्यालाच जास्त आहे. आणि टेक्ससमध्ये सार्वजनिक विद्यापीठाच्या पदवीसाठी अमेरिकन इतिहासाचे सहा क्रेडिट तास कायद्याने सक्तीचे असल्यामुळे, या परीक्षेत चांगले गुण मिळाले तर पुढे वेळ आणि शुल्क दोन्ही वाचते. त्यासाठी एका उन्हाळ्याची किंमत मला जास्त वाटत नाही.

खडूफळा

मी एका सरकारी हायस्कुलात हा विषय शिकवते. दोघांचेही थोडे खरे आहे आणि शिकवणीवाल्यांचे जवळजवळ काहीच नाही.

सप्टेंबरात शिकवणी करून आलेली मुले मला पहिल्या तासाला ओळखता येतात. त्यांना ‘कॉन्टेक्स्चुअलायझेशन’ (काळाचा संदर्भ देणे), ‘कॉम्प्लेक्सिटी’ (गुंतागुंत दाखवणे) हे शब्द येतात, डीबीक्यूला सात गुण असतात आणि त्यांतला एक प्रबंधविधानाचा, म्हणजे निबंधाच्या मध्यवर्ती दाव्याचा, असतो, हेही ठाऊक असते. मग मी त्यांच्यापुढे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १० जुलै १८३२ रोजी ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या राष्ट्रीय बँकेच्या सनदेचे नूतनीकरण नाकारताना काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, पाठवलेला संदेश ठेवते. श्रीमंत आणि बलिष्ठ लोक सरकारच्या कृती आपल्या स्वार्थासाठी वाकवतात आणि शेतकरी, कारागीर, मजूर यांना दाद मागण्याचे साधन नसते, असे त्यात म्हटले आहे. ‘जॅक्सन यांच्या मते बँक श्रीमंतांची होती,’ असे सगळेच लिहितात. तो झाला मजकुराचा सारांश. स्रोताच्या परीक्षणाचा गुण त्याने मिळत नाही. बँकेची सनद १८३६ पर्यंत चालणार असताना जॅक्सन यांचे विरोधक हेन्री क्ले यांच्या गटाने नूतनीकरणाचे विधेयक चार वर्षे आधीच का रेटले, १८३२ हे अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते आणि स्वतः क्ले उमेदवार होते याचा या भाषेशी काय संबंध, काँग्रेसच्या नावाने लिहिलेला हा संदेश खरे तर कोणी वाचावा अशी अपेक्षा होती, हे जो सांगेल त्याला तो गुण मिळतो. रुब्रिक, म्हणजे गुण देण्याचे निकष, पाठ करून हे साधत नाही. त्या वर्षात काय चालले होते ते माहीत असावे लागते आणि कागदाकडे संशयाने बघण्याची सवय असावी लागते. यातली पहिली अट ह्यूस्टनकर यांच्या बाजूची आहे आणि दुसरी रारीटनकाठ यांच्या.

जाता जाता एक सूचना. मोठ्या भावंडांची किंवा ग्रंथालयाच्या विक्रीतली जुनी तयारीची पुस्तके वापरू नका. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत या परीक्षेत पाच पर्यायांचे ऐंशी सुटे प्रश्न असत आणि त्यांना पाठांतर खरोखरच पुरे पडे. आपल्या लोकांत ‘इतिहास म्हणजे घोकंपट्टी’ हा सल्ला अजून फिरतो, त्याचे मूळ बहुधा त्याच काळात आहे. निबंधांचे निकषही अलीकडे २०२३ मध्ये बदलले.

दुसरे_वर्ष

मी ही परीक्षा दिलेली आहे आणि सध्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. पालकांच्या चर्चेत विद्यार्थ्याने तोंड घालावे की नाही हा प्रश्न आहे, तरीही लिहितो.

‘दर आठवड्याला एक दस्तऐवज’ ही योजना आईवडिलांना फार आवडते, परंतु सोळा वर्षांच्या मुलाला जुलैमध्ये ती शिक्षाच वाटते. सुट्टीत वाचलेले नोव्हेंबरपर्यंत बव्हंशी विसरले जाते, कारण त्यावर वर्गात बोलणे झालेले नसते. परीक्षेत खरी अडचण वेळेची येते. पंचावन्न प्रश्नांना पंचावन्न मिनिटे मिळतात. सात कागदपत्रांच्या डीबीक्यूला एक तास मिळतो आणि त्यातली पंधरा मिनिटे वाचनासाठी धरलेली असतात. लगेच पुढे दीर्घ निबंधाला चाळीस मिनिटे असतात. २०२५ पासून हे सगळे संगणकावर टंकून द्यावे लागते, त्यामुळे वहीत सुंदर टिपणे काढण्याची सवय कामी येत नाही. हा सराव फेब्रुवारी-मार्चमध्येच करावा लागतो. तोवर उन्हाळ्यात मुलीला एखादी नोकरी करू द्या, पोहू द्या. शाळेने दिलेले काम ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात होते. सगळे तेव्हाच करतात.

वऱ्हाडचा_कापूस

पुस्तकांवर एवढे वाद घालण्यापेक्षा मुलांना जागा दाखवा, असे माझे मत आहे. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. लोवेल येथे बूट कॉटन मिलच्या संग्रहालयात जुन्या पद्धतीचे माग चालू करून दाखवतात. एका मोठ्या दालनात ते एकदम सुरू झाले, की शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी ओरडावे लागते आणि पायाखालची फळी थरथरते. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या मुली तिथे दिवसाला बारा-बारा तास उभ्या राहून काम करत असत, हे वाक्य पुस्तकात वाचताना मुले डोळे फिरवून पुढे जातात. तिथे तसे होत नाही.

शिवाय हा कापूस येत होता तो दक्षिणेतल्या गुलामांच्या श्रमातून. उत्तरेचे गिरणीमालक आणि दक्षिणेचे मळेवाले यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले होते आणि पुढे सिनेटर झालेल्या चार्ल्स सम्नर यांनी १८४८ मध्येच त्यांना ‘चाबकाचे धनी आणि मागाचे धनी’ अशा अर्थाने एकत्र झोडपले होते. ‘उत्तर चांगली, दक्षिण वाईट’ एवढेच शिकून आलेल्या मुलाला ही गुंतागुंत एका भेटीत कळते. मराठी मुलांना याचे दुसरे टोकही दाखवता येईल. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेला वाटले, की आपल्या कापसावाचून ब्रिटन अडेल आणि आपल्याला मान्यता देईल. परंतु ब्रिटनच्या गोदामांत आधीचा साठा होता आणि तो आटत गेला तसा इजिप्त आणि हिंदुस्थानचा कापूस गिरण्यांकडे वळला. वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत समुद्र हटवण्याच्या कंपन्यांच्या समभागांवर सट्टा उसळला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळला. डीबीक्यूमध्ये कागदपत्रांबाहेरच्या पुराव्याला जो स्वतंत्र गुण असतो, तो मिळवायला यापेक्षा चांगले काय आहे?

ह्यूस्टनकर

माहिती उत्तम आहे, परंतु त्या गुणाविषयी आपण घाई करत आहात. बाहेरचा पुरावा प्रश्नाच्या उत्तराला आधार देणारा असावा लागतो. नुसता उल्लेख चालत नाही. दक्षिणेची परराष्ट्रनीती का फसली, असा प्रश्न आला तर मुंबईचा कापूस चालेल. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात मुक्त झालेल्या गुलामांच्या हक्कांविषयी प्रश्न आला आणि मुलाने कुलाब्याच्या भरावाविषयी लिहिले, तर परीक्षक काय देणार? आमच्यासारख्यांना लोवेल दोन हजार मैलांच्या आसपास पडते, हा आणखी वेगळा मुद्दा.

रात्रपाळी

मला इथे एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. शाळेने सुट्टीत काम द्यावे की नाही, याला कोणी हातच लावलेला नाही. एपीचे वर्ग सर्वांना खुले असावेत असे म्हणायचे आणि त्याच वर्गाच्या दाराशी साठ-सत्तर पानांचे वाचन आणि पहिल्या आठवड्याची चाचणी ठेवायची, याचा अर्थ काय होतो? ज्या मुलाला सुट्टीत दुकानात काम करावे लागते किंवा धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते, ते पहिल्या चाचणीत मागे पडते, ऑक्टोबरात साध्या वर्गात जाते आणि मग आपण म्हणतो, की त्याला झेपले नाही. तेही १७५४ पर्यंतच्या ज्या दोन कालखंडांवर हा आटापिटा चालतो, त्यांना परीक्षेत अनुक्रमे ४ ते ६ आणि ६ ते ८ टक्केच भार आहे. त्यापुढच्या सहाही कालखंडांना प्रत्येकी १० ते १७ टक्के आहे. रारीटनकाठ, ‘तेवढ्याबद्दल माझी तक्रार नाही’ असे आपण लिहिले. ती असायला हवी होती.

खडूफळा

@रात्रपाळी, आपला आक्षेप मला मान्य आहे आणि माझ्या विभागात मी तो मांडलेलाही आहे. मात्र शाळा हे काम का देतात, तेही पाहा. नऊ कालखंड एप्रिलच्या मध्यापर्यंत संपवायचे असतील, तर सुरुवातीच्या भागातून काहीतरी वर्गाबाहेर ढकलावेच लागते आणि कमी भार असलेला भागच ढकलला जातो. मला यात खरा दोष चाचणीचा वाटतो. वाचन द्यावे, परंतु पहिला महिना त्यावर गुण देऊ नयेत. तरीही तो भाग टाकाऊ नाही. करारबद्ध मजुरांनीही हत्यार उचललेल्या १६७६ च्या बेकनच्या बंडानंतर व्हर्जिनियाचे मळेवाले करारबद्ध गोऱ्या मजुरांकडून गुलामांकडे अधिकाधिक का वळले, हे ज्याला कळलेले नाही त्याला १८६१ सुद्धा अर्धवटच कळते.

रारीटनकाठ

रात्रपाळी यांचा मुद्दा आमच्या घरापुरता पाहिल्यामुळे सुटला होता. चाचणीविषयी शाळेला लिहीन. ‘दुसरे_वर्ष’ यांच्याशी मात्र मी सहमत नाही. मुलीला दस्तऐवज वाचणे ही शिक्षा वाटत नाही, कारण सुरुवात तिच्याच एका प्रश्नापासून झाली. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले म्हणून, अर्पण केली, हे तिने आजोबांकडून ऐकले होते. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या राज्य सरकारांना दिलेला लष्करी आधार वॉशिंग्टनने काढून घेतला आणि त्या मुक्त झालेल्या लोकांचे हक्क वाऱ्यावर सोडले, हे तिने नंतर वाचले. फुल्यांना १८७३ मध्ये यातले काय दिसले असेल, असे ती विचारते. याला परीक्षेत गुण मिळतील की नाही, ते मी पाहिलेले नाही.

ह्यूस्टनकर

अशी मुलगी असेल तर शिकवणी नकोच. माझ्या घरात असा प्रश्न अजून विचारला गेलेला नाही, म्हणून माझा आग्रह कायम आहे. शिकवणी सोडतो, पण मुलाने शाळा उघडण्यापूर्वी १८७७ पर्यंतचा इतिहास एकदा सलग वाचायचा आहे; पुढचे हिवाळ्याच्या सुट्टीत पाहू. खडूफळाताई, सगळे जमले नाही तर कोणता भाग आधी घ्यावा?

खडूफळा

१७८७ ते १८००. राज्यघटना कशी झाली, ती मंजूर करण्यावरून कोण कोणाशी भांडले, अर्थमंत्री हॅमिल्टन यांच्या राष्ट्रीय बँकेला परराष्ट्रमंत्री जेफरसन यांनी विरोध का केला आणि १७९८ च्या परकीय व राजद्रोहविषयक कायद्यांनंतर केंटकी आणि व्हर्जिनिया या राज्यांनी त्या कायद्यांविरुद्ध कोणते ठराव केले, एवढे त्याने नीट वाचले, तर १८३२ मध्ये त्याला राष्ट्रपती राजवट आठवणार नाही.