‘लाइनमन’, ‘पकड’ आणि ‘पाडाव’

जिनो मार्चेट्टीवर मराठीत लेख लिहितेय. १९५३ पासून बाल्टिमोर कोल्ट्सकडून खेळलेला, अमेरिकन फुटबॉलमधला फार मोठा खेळाडू. अडलेय ती ‘डिफेन्सिव्ह लाइनमन’पाशी. कच्चा मसुदा आईला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, “म्हणजे खांबावर चढायचा का?” आपल्याकडे लाइनमन म्हटलं की वीजमंडळाचाच. आणि या खेळातल्या ‘सॅक’ला काय म्हणायचं? पोतं तर नाही ना!

ताई, ‘लाइनमन’ नकोच. ‘पुढच्या बचावफळीतला खेळाडू’ म्हणा. मार्चेट्टी त्या फळीच्या डाव्या टोकाला असायचा. कबड्डीत साखळीच्या टोकाला उभा असतो तो कोपरारक्षक. मग हा ‘डावा कोपरारक्षक’ का नको? ज्याने एकदा तरी मातीवरची कबड्डी पाहिली आहे, त्याला त्या जागेची जोखीम सांगावी लागत नाही. सॅकला सरळ ‘पकड’ लिहा.

कोपरारक्षक फारच आवडला, घेतला! पण दादा, ‘पकड’ मला पुरत नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्या कुणालाही पाडलं तर ती पकड. सॅक म्हणजे चेंडू फेकायच्या बेतात असलेल्या क्वार्टरबॅकलाच, म्हणजे संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूलाच, त्याच्या फळीमागे गाठून लोळवणं. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर मार्चेट्टीचा सर्वांत गाजलेला क्षण वाचकाला चुकीचा कळेल. २८ डिसेंबर १९५८, यँकी स्टेडियम, अजिंक्यपदाचा सामना. न्यू यॉर्क जायंट्स १७-१४ असे पुढे. त्यांचा फ्रँक गिफर्ड चेंडू घेऊन धावला, त्याला मार्चेट्टीने हव्या त्या अंतराच्या जेमतेम अलीकडे अडवलं आणि जायंट्सना चेंडू सोडून द्यावा लागला. त्याच ढिगाऱ्यात त्याचाच साथीदार बिग डॅडी लिप्सकम्ब अंगावर पडून मार्चेट्टीचा घोट्याजवळ पाय मोडला. तरी आत न जाता तो मैदानाच्या कडेला स्ट्रेचरवर पडून सामना पाहत राहिला. कोल्ट्सनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत २३-१७ असा सामना जिंकला. ती पकड होती, सॅक नव्हे.

पटलं. मग सॅकला ‘पाडाव’ कसा वाटतो? ‘सेनापतीचा पाडाव झाला’ असं आपण म्हणतोच, आणि क्वार्टरबॅक हा त्या खेळातला सेनापतीच. शिवाय शब्दात ‘पाड’ आहे. फक्त एक जपा. ‘सॅक’ हा शब्द रूढ झाला तो १९६०च्या दशकात, डीकन जोन्स या बचावपटूमुळे असं मानतात, आणि कुणी किती सॅक केले याची अधिकृत वैयक्तिक नोंद सुरू झाली १९८२ मध्ये. मार्चेट्टी शेवटचा खेळला १९६६ला. म्हणून त्याने अमुक इतके पाडाव केले, असा अधिकृत आकडा नाही. त्याऐवजी प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी ११ वेळा झालेली निवड आणि १९७२ मधला हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीतला प्रवेश लिहा.

‘पाडाव’ ठरलं. पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ देते, पुढे शब्द आपला आपण चालेल.