जुनी टूरिंग मोटारसायकल निवडताना : आपले अनुभव लिहा

लांबच्या प्रवासासाठी जुनी मोटारसायकल घेऊन ती आपल्या सोयीने बदलून घेणाऱ्यांनी ‘हीच का घेतली’ एवढे सविस्तर लिहावे. रंगरंगोटीसाठी वेगळा धागा काढू.

पुणे : मला 2012 नंतरची रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड 350 हवी होती, कारण तिची टाकी 20 लिटरची असून सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. पाहिलेल्यांपैकी सर्वांत चकचकीत गाडी आमच्या मिस्त्रींनी नाकारली. त्यांनी हँडल सरळ धरायला सांगून मागच्या टायरला टेकवलेली सुतळी दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणली. एका बाजूला फट जास्त निघाली, म्हणजे चाके एका रेषेत नव्हती. मग टाकीखाली टॉर्चचा उजेड टाकल्यावर हँडलच्या नळीजवळच्या जोडावर नव्या रंगाचा थर दिसला, म्हणजे तिथे दुरुस्ती झाली असावी. सीट, हँडल, कॅरियर हे सारे बदलता येते, पण चेसिस (गाडीचा मूळ सांगाडा) वाकलेली असेल तर वर केलेला खर्च पाण्यात जातो. शेवटी घेतलेली गाडी दिसायला मळकट होती आणि इंजिन थंड असतानाच पहिल्या सेल्फला सुरू झाली. (विक्रेत्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे.)

रत्नागिरी : किनाऱ्यावरच्या गाडीचे किलोमीटर कमी असले तरी भुलू नये. सीट काढून बॅटरीचा ट्रे, चाकांचे स्पोक आणि सायलेन्सरचे जोड पाहावेत. खारी हवा तिथेच आधी लागते.

नाशिक : परराज्यातली गाडी स्वस्त वाटते, पण तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, इथला रस्ता कर आणि आरसीवर बँकेचा बोजा असल्यास तो उतरवण्याचा फॉर्म 35 हे सगळे धरल्यावर माझा हिशेब फिरला आणि मी नाशिकचीच गाडी घेतली. नोंदणीची 15 वर्षे संपत आलेली गाडी असेल, तर फेरनोंदणी व पर्यावरण कराचा खर्चही किमतीतून वजा करून मागावा.

ठाणे : मी रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन घेतली. आधीच्या मालकाने जादा दिवे रिलेशिवाय (जास्त प्रवाह सांभाळणाऱ्या स्विचशिवाय) थेट बॅटरीला जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली होती, म्हणून ते वायरिंग नव्याने करण्याचा खर्च मी किमतीतून कमी करून घेतला. इंजिन थोडे रेझ करून, सगळे दिवे लावून बॅटरीवर मीटर धरावा; सुमारे 14 व्होल्ट दिसले तर ठीक, 13 च्या खाली आले तर आणखी दिव्यांचा विचार सोडावा.

कोल्हापूर : दुसऱ्याने आधीच बदललेली गाडी मी घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये तेच स्पष्ट केले आहे. म्हणून चेसिस कापलेली किंवा इंजिन बदललेली गाडी कितीही देखणी असो, मी तिथूनच परततो. सीट, विंडशील्ड, बॅगांचे स्टँड एवढ्यावरच माझे काम भागते. विक्रेत्याकडे मूळ सायलेन्सर आणि आरसे पडून असतील तर तेही मागून घ्यावेत.