'लिंक उघडू नका' हा सल्ला शेतकऱ्याच्या काय कामाचा?

सेलूकर
सायबर जागृतीच्या कार्यक्रमात पुन्हा तेच: अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका, चहा घ्या. पीकविमा, पीएम किसानची ई-केवायसी, पोराचा प्रवेश, सगळं आता लिंकवरच आहे. मग उघडायची कोणती? माझं म्हणणं, पत्त्याचा शेवट वाचायला शिकवा. पीएम किसानची खरी साइट 'गव्ह डॉट इन'वर संपते. 'पीएमकिसान-गव्ह-इन डॉट कॉम' दिसलं तर ते कुणाचंही असू शकतं.

मांजराकाठ
साफ चूक. सत्तरीतल्या माझ्या वडिलांना तुम्ही डॉट अन् डॅश शिकवणार? एकच नियम ठेवा: आलेल्या लिंकवरून काहीच करायचं नाही, काम असलं की सेवा केंद्रात जायचं. शिवाय पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा दाखवता येतो. तिथं शेवट बघून काय मिळणार?

सेलूकर
मेल पाठवणाऱ्याचा पत्ता बनवता येतो, मान्य. मी बोलतोय ब्राउझरच्या वरच्या पट्टीतल्या पत्त्याबद्दल. बँकांसाठी तर रिझर्व्ह बँकेनं 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा शेवटच काढला, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत देऊन. यात अवघड काय आहे?

वसमतची हळद
ते सेवा केंद्र मी चालवते, म्हणून बोलते. गावातल्या कितीतरी अर्जांवर मेल म्हणून माझाच पत्ता असतो, त्यामुळं फसवे मेलही माझ्याकडंच. 'अर्ज अपात्र ठरला, सोबतची फाईल पहा.' समोर रांग, नेट रखडलेलं, अशात फाईल उघडली की हुबेहूब लॉगिनचं पान. तिथं पासवर्ड टाकला तर एकट्या माझं नाही, सगळ्यांचं जातं. मला उपयोग झाला तो दोन टप्प्यांच्या पडताळणीचा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणाऱ्या सोयीचा. अन् पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलाय: पत्ता खोटा असला की तो आपोआप भरलाच जात नाही. माझा डोळा चुकेल, त्याचा सहसा चुकत नाही.

बिंदुसरा
एवढं कशाला? लोकांना फुकटचं पाहिजे असतं, म्हणून फसतात.

वसमतची हळद
कामून फुकटचं? अतिवृष्टीचं अनुदान त्याच्या हक्काचं आहे. अडलेला माणूस घाई करतो, अन् चोराला तेच पाहिजे असतं.

मांजराकाठ
दोष कुणाचा ते मागाहून ठरवा. २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकानं स्वतःच पासवर्ड-पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे भावकीत चर्चा करत बसायचं नाही. आधी बँक अन् १९३० ही सायबर हेल्पलाइन, मग रडारड.

सेलूकर
हे पटलं. पण लग्नसराईत व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पत्रिकेचं काय? तिथं सेवा केंद्राचा नियम चालत नाही, शेवटच बघावा लागतो. पत्रिका 'डॉट एपीके'वर संपली तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. टाकून घेतलं अन् परवानग्या दिल्या की ओटीपीचे मेसेज परस्पर चोराकडं.

मांजराकाठ
अन् खरी पत्रिका न उघडल्यानं मामा रुसले तर तुम्ही येणार का समजूत काढायला?